मागच्या रांगेतलं हसू

१

भिवंडीत बसून फोनवर ‘जवळचा ओपन माइक’ असं शोधलं की फोन आधी बराच वेळ गोल गोल फिरत राहतो. त्यालाही लाज वाटत असावी. मग तो अंधेरी दाखवतो. अंधेरी आमच्या जवळ आहे असं ज्याला वाटतं, त्याने अंजूरफाट्याचा ट्रॅफिक कधी ओलांडलेला नसतो.

मी सुगत. राहणार टेमघर. पूर्णा गावाकडच्या एका मोठ्या गोदामात रिटर्न विभागात नोकरी करतो. लोकांनी ऑनलाइन मागवलेलं सामान आवडलं नाही की ते आमच्याकडे परत येतं. आम्ही ते उघडतो, तपासतो, परत करण्याचं कारण वाचतो आणि नवं लेबल लावून ज्याचं त्याला धाडतो. निदान तसं धाडावं असा नियम आहे. सणांच्या सेलनंतर रिटर्नचा असा लोंढा येतो की साडीवाल्याकडे मिक्सर परत जातो आणि मिक्सरवाल्याकडे साडी. घाईत असं होणारच, हे आमच्याकडे हमालापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

मला विनोद सुचायला लागले ते ही परत करण्याची कारणं वाचून. एका माणसाने आरसा परत केला होता. कारण दिलं होतं, ‘फोटोत दाखवला तसा दिसत नाही.’ एका बाईने कुकर परत केला, कारण शिट्टी उदास वाजते. ही माणसं खरी आहेत आणि त्यांना मतदानाचा हक्क आहे.

नवा विनोद सुचला की मी तो आधी आईला ऐकवायचो. आईचं नाव कौसल्या. ती एका शाळेत मावशी आहे. तिचं हसू टेमघरात प्रसिद्ध आहे. आधी आवाजच येत नाही, नुसती ती हलते, मग एक बारीक किंकाळी निघते आणि त्या पाठोपाठ शेजारी बसलेल्याच्या पाठीत धपाटा बसतो. विहारात कार्यक्रम असला की आईच्या उजव्या हाताची जागा रिकामी असते. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना तिथे बसतात आणि शिकतात.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्या वर्षात आई पहिल्यांदा पुन्हा हसली ती मी हेडमास्तरांच्या चालण्याची नक्कल केली म्हणून. धपाटा मलाच बसला. आता घरचं सगळं ठीक होणार, असं मला त्या धपाट्याने सांगितलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे की आपल्याला माणसं हसवायची आहेत.

ओपन माइक म्हणजे काय, ते मी तिला समजावलं होतं. कुणीही नाव द्यायचं, चार-पाच मिनिटं उभं राहायचं, लोकांना हसवायचं.

“आनि न्हाय हसली तर?” आईने विचारलं. “मारत्यात का?”

“मारत नाहीत गं.”

“मग भ्यायचं कशापायी?”

आई कधी अंधेरीला आली नव्हती.

२

अंधेरीच्या त्या जागेचं नाव सांगत नाही. ‘शहरातले दहा उत्तम कॉमेडी अड्डे’ अशा याद्यांमध्ये ती असते. त्या याद्यांचा मी चांगला अभ्यास केला आहे. निम्मे अड्डे बंद पडलेले असतात, दोन-तीन ठिकाणी आता मोमो मिळतात आणि उरलेल्या ठिकाणी प्रेक्षक म्हणून विनोद करणारेच बसलेले असतात. ते आपापल्या नंबराची वाट बघत फोनमध्ये स्वतःचे विनोद वाचतात. दुसऱ्याच्या विनोदाला हसले तर स्वतःचा पगार कापला जाईल अशा चेहऱ्याने बसतात. मीही तसाच बसायचो, उगाच खोटं कशाला बोला.

माझा मित्र मुदस्सिर मला मोटरसायकलवरून तिथे न्यायचा. तो नारपोलीचा. घरचे पॉवरलूमचे कारखाने, पण याला सूत्रसंचालनाची हौस. लग्न असो, साखरपुडा असो, हा माइक सोडत नाही.

त्या दिवशी मी आरशाचा विनोद सांगितला आणि खोलीत फक्त एसीचा आवाज आला. तो अड्डा मृणाली चालवायची. ती माणूस म्हणून चांगली होती. बाहेर येऊन म्हणाली, “तुझ्याकडे माल आहे. पण तुला रूम मिळत नाहीये, ऐकणारे तुझे नाहीत. तुझी माणसं कुठे आहेत?”

“भिवंडीत,” मी म्हणालो.

“मग इथे काय करतोयस?”

परत येताना कशेळीच्या पुलावर मुदस्सिरने गाडी हळू केली आणि मान मागे वळवून ओरडला, “अबे, चाचाचा कारखाना जुम्याला बंद असतो!”

त्याचे चाचा, नूरुद्दीन, सत्तरीचे. बाजल्यावर बसून चहा पीत होते. आमची कल्पना त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“म्हंजे लोक येनार, बसनार, आन तुमी नुसते उभे राहून बोलनार?”

“हां चाचा.”

“आन त्यांनी हसायचा?”

“हां.”

“हा तर माझ्या घरात चाळीस साल चाललाय. तुझी चाची उभी राहून बोलते.”

आणि चाचा हसले. त्यांचं हसू म्हणजे थंडीत गारठलेली जुनी स्कूटर. खर्र, खर्र, खर्र अशा किका बसायच्या, आता बंद पडणार असं वाटायचं आणि मग एकदम गाडी धावायला लागायची. मी त्यांना तिथेच आरशाचा विनोद ऐकवला. स्कूटर पार कल्याणपर्यंत गेली.

“घ्या कारखाना,” डोळे पुसत ते म्हणाले. “फकत बिडी वढायची न्हाय. कापूस हाय सगळीकडं.”

३

कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, लांबलचक शेड आणि दोन्ही बाजूंना लूमच्या रांगा. एरवी तिथे कानाला कान लावूनसुद्धा बोललेलं कळत नाही. शुक्रवारी सगळं थांबलं की शांतता अंगावर येते. छपराचा एक पत्रा फुटलेला होता, तिथून उन्हाची तिरीप बरोबर मधल्या वाटेवर पडायची. आम्ही माइक दाराशी ठेवला. लोक लूमच्या मधल्या वाटेत सतरंज्यांवर बसले. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक शटर होतं. त्याच्या मागे मोडक्या लूमचे भाग टाकायची खोली. ते शटर कधीकाळी जमिनीपासून चार बोटं वर असताना अडकलं होतं, तिथेच गंजून गेलं.

दुपारची नमाज आटोपल्यावर माणसं आली. कारखान्याचे कारीगर, गल्लीतली पोरं, माझ्या गोदामातले काही जण. मुदस्सिरने सुरुवातीलाच स्वतःची इतकी स्तुती केली की मला वाटलं माझा नंबर पुढच्या जुम्याला येणार.

मग मी उभा राहिलो. म्हणालो, “आमच्या भिवंडीत खड्डे बुजवू नका. रिक्षावाल्याला पत्ता सापडत नाही.”

आणि शेड हसली.

मी तसं हसू आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते लोकांच्या पाठीमागून आलं, पत्र्यावर आपटलं आणि माझ्या अंगावर कोसळलं. बायकांचं, पुरुषांचं, म्हाताऱ्यांचं. आरशाच्या विनोदाला तर ते थांबेचना. मला इतका आनंद झाला की मी स्वतःच माइकसमोर पोट धरून हसलो. विनोद करणाऱ्याने आपल्याच विनोदाला हसू नये म्हणतात. गेले ते म्हणणारे खड्ड्यात, आणि तो बुजवूही नका.

त्या हसण्यात एक ओळखीचं हसू होतं. खर्र, खर्र, खर्र, आणि मग सुसाट.

“चाचा आले होते ना रे?” सतरंज्या गुंडाळताना मुदस्सिर म्हणाला.

“मीही ऐकलं. मागे बसले असतील.”

आम्ही आभार मानायला त्यांच्या घरी गेलो. चाचा गुडघ्याला गरम पिशवी लावून पडले होते.

“सकाळपासून गुडगा सुजलाय,” ते म्हणाले. “संडासला जाया दोघं लागत्यात. कसा झाला तुमचा तमाशा?”

मुदस्सिरने मोठ्या हौसेने त्यांना खड्ड्याचा विनोद ऐकवला. चाचांनी लक्ष देऊन ऐकला, मान हलवली आणि कापडाचा तागा पास करावा तसं म्हणाले, “बरा हाय.”

४

एकासारखं हसू दुसऱ्याचं असू शकतं. खोकला असतो, शिंक असते, तसं. मी मुदस्सिरला हे सांगितलं आणि त्याने मला हे सांगितलं, आणि आमचं दोघांचं समाधान झालं.

पण पुढच्या शुक्रवारी मी विनोद सांगताना पहिल्या रांगेकडे नीट पाहिलं. तिथे काशी बसायचा. काशी हा चाचांचा सगळ्यात जुना कारीगर, आझमगडकडचा. मी विनोद सांगितला, हसण्याचा लोट आला आणि काशीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. खांदे मात्र गदागदा हलत होते. त्याच्या शेजारच्याचंही तसंच. मागच्याचंही.

नंतर मी त्याला विचारलं, “काशीभाई, पसंद नहीं आया क्या?”

“अरे, पेट दुख गया हँसते-हँसते.”

“मुँह तो बंद था.”

“लूम वाला आदमी मुँह खोल के नहीं हँसता, भैया. मुँह खोला तो रुई अंदर. बचपन से आदत है. और वैसे भी, मसीन के सामने हँसोगे तो सुनेगा कौन?”

त्याने ओठ दाबून खांदे हलवून दाखवले. त्याच्याभोवतीच्या सगळ्यांनी हलवून दाखवले. दहा-बारा माणसं तोंडं मिटून माझ्यासमोर हलत होती आणि शेडमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

“तो फिर इतना आवाज कौन करता है?”

“पीछे वाले,” काशी सहज म्हणाला.

मी मागे बसणाऱ्यांना गाठलं. ते म्हणाले, “पीछे वाले.” त्यांच्याही मागे बसलेल्या माझ्या गोदामातल्या पोरांना विचारलं. ती म्हणाली, “आम्ही हसलो रे, पण आमच्यापेक्षा मागचे जास्त हसत होते.” त्यांच्या मागे कोणी नव्हतं.

पत्र्याची शेड आहे, आवाज घुमतो. हे मी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर मला जास्त खोलात जायचंच नव्हतं. इतकी वर्षं मी हसू शोधत मुंबईभर फिरलो होतो. ते नारपोलीत सापडलं होतं. आता त्याचं ओळखपत्र मागायचं म्हणजे कृतघ्नपणाच.

चाचा मात्र त्यानंतर हसले नाहीत. गुडघा उतरला, चालायला लागले, पण हसले नाहीत. चाचीने मुदस्सिरकडे तक्रार केली की हल्ली हे माझं सगळं बोलणं मनावर घेतात.

५

मृणालीचा फोन आला. कोणीतरी आमच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिला पाठवलं होतं. “हे हसू खरं आहे ना? वरून लावलेलं नाही ना?” तिने विचारलं. मग म्हणाली, की ती हा शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी स्वतः भिवंडीला येणार, आणि प्रत्यक्ष असंच असेल तर रविवारच्या मोठ्या शोमध्ये मला जागा देणार.

मी घरी आलो तेव्हा आई मेथी निवडत होती. मी तिला कुकरचा विनोद पहिल्यांदाच सांगितला आणि उदास शिट्टी तोंडाने वाजवून दाखवली. आई हलायला लागली. मग किंकाळी. मग धपाटा. मेथी घरभर झाली.

“उदास शिट्टी!” ती पदराने डोळे पुसत म्हणाली. “आरं, तिची सासू आसंल कुकरात!”

तो तिचा विनोद माझ्यापेक्षा चांगला होता. मी तो लगेच घेतला.

मृणाली येण्याच्या आधीच्या शुक्रवारी मी कारखान्यात कुकरचा विनोद सांगितला. शिट्टी वाजवली. सासूवर आलो. हसण्याचा लोट उठला, खर्र-खर्र स्कूटर धावली आणि तिच्यावरून एक बारीक किंकाळी आली. तिच्या पाठोपाठ धपाटा.

माझ्या पाठीत कळ आली. कोणी मारलं नव्हतं. तो आवाज ऐकला की माझी पाठ आपोआपच तयार होते.

मी पुढचे विनोद कसे सांगितले मला आठवत नाही. मुदस्सिरची मोटरसायकल घेऊन तसाच टेमघरला गेलो. आई घरीच होती. टीव्हीवर तिची आवडती विनोदी मालिका चालू होती, आणि ती तिच्याकडे बातम्या बघावं तशी बघत होती.

“आई, तू नारपोलीला आली होतीस का?”

“मी? दुपारपासनं पापड वाळवत व्हते. का रं?”

मी तिच्यासमोर बसलो, उजव्या हाताला. शिट्टी वाजवली. सासूवर आलो. हेडमास्तरांची चालसुद्धा करून दाखवली, या वयात, या पोटासकट.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिने हसायचा प्रयत्न केला हे मला दिसलं. तेच सगळ्यात वाईट होतं.

“इनोद कळतोय रं,” ती म्हणाली. “हितवर येतोय.” तिने छातीवर हात ठेवला. “पन तितनं वर कायच येत न्हाय. म्हातारी झाले का मी?”

मी तिला म्हणालो, “नाही गं, पित्त असेल.” आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

६

त्या रात्री मला झोप कसली. मी विचार केला तो मला येतो त्याच पद्धतीने केला. हसू नावाचा माल इथून उचलला जातोय. माल कारखान्यात जमा होतोय. मग तिथून रिटर्न झाला पाहिजे. माल रिटर्न कधी होतो? घेणाऱ्याला आवडला नाही की.

“म्हणजे तू मुद्दाम आपटणार?” मुदस्सिर शुक्रवारी सकाळी म्हणाला. “ज्या दिवशी मृणाली येतेय त्याच दिवशी? अबे, तू आपटायला अंधेरी काय कमी होती?”

“चाचा हसतात का?”

त्याने हातातलं हेल्मेट टाकीवर ठेवलं. मग म्हणाला, “काल पोत्यावरून घसरून पडलो मी, त्यांच्यासमोर. आधी असतं तर आठवडाभर हसले असते. काल मला हात देऊन उठवलं.” त्याने हेल्मेट माझ्या हातात दिलं. “चल. आपट.”

मृणाली आली, पहिल्या रांगेत काशीशेजारी बसली. तिला तोंड मिटून बसलेल्या माणसांचं कौतुक वाटत होतं. मी माइक हातात घेतला आणि काहीच बोललो नाही. हसू आलं. मी खोकलो. हसू आलं. मी म्हणालो, “भिवंडी, पिन कोड चार दोन एक तीन शून्य दोन.” पत्रे हादरले. अंधेरीत मी जीव तोडून बोललो तेव्हा माशी हलली नव्हती, आणि आता मला अपयश मिळत नव्हतं. किंकाळी येत होती. धपाटा येत होता. आईचं हसू असं वापरलेलं मला बघवेना.

मी माइक घेऊन मधल्या वाटेने चालायला लागलो.

काशीच्या रांगेतले लोक मागे वळून बघत होते. त्यांच्या मागचे त्यांच्या मागे बघत होते. मी एकेक रांग ओलांडत गेलो, खांदे हलत होते, तोंडं मिटलेली, आणि हसू प्रत्येक वेळी एक रांग पुढे सरकलेलं. शेवटच्या रांगेत माझ्या गोदामातली पोरं होती. तीही मागे वळून बघत होती. त्यांच्या मागे ते शटर.

मी खाली वाकलो. चार बोटांची फट, आत मिट्ट काळोख. फटीसमोर कापसाची रुई साचली होती, लूमच्या कारखान्यात साचते तशी. आतून चाचा हसले, आई हसली, आणखी कितीतरी अनोळखी माणसं हसली. आणि फटीतून रुई बाहेर उडाली. मग तीच रुई सरकत सरकत पुन्हा फटीकडे ओढली गेली. पुन्हा हसू, पुन्हा रुई बाहेर.

आवाज कितीतरी होते. फुंकर एकच होती.

माझ्या पायांनी मला दाराकडे न्यायचं ठरवलं होतं. मी त्यांना थांबवलं ते आईसाठी. शटरसमोर मांडी घालून बसलो, माइक तोंडाला लावला आणि जगातली एकच गोष्ट केली जिने कोणताही विनोद मरतो. मी तो समजावून सांगायला लागलो.

“तर,” मी म्हणालो, “आरशात आपण स्वतः दिसतो. जाहिरातीच्या फोटोत आरशात एक देखणा माणूस दिसत होता. गिऱ्हाईकाला वाटलं आपणही तसेच दिसू. इथे गिऱ्हाईकाचा गैरसमज झालेला आहे. या गैरसमजामुळे आपल्याला गंमत वाटते. कोणाला काही शंका?”

हसू अडखळलं.

मी कुकरवर आलो. वाफेचा दाब सांगितला. शिट्टीचं वजन, रबराची रिंग, ती कधी बदलावी. सासू-सून संबंधांची सामाजिक बाजू मांडली. खड्ड्यांवर बोलताना खडी आणि डांबराचं प्रमाण सांगितलं. गोदामात आम्हाला आग विझवण्याचं प्रशिक्षण देतात, त्याच आवाजात. मागे कोणीतरी जांभई दिली. पुढून मृणालीचा आवाज आला, “हे काय करतोय हा?” आतली किंकाळी थांबली. स्कूटर दोन किका खाऊन बंद पडली.

शेड शांत झाली. इतक्या वर्षांत त्या शांततेवर मी पहिल्यांदाच खूश होतो.

रुई फटीकडे ओढली जाऊ लागली. ती थांबेना. माझ्या पायाजवळची, लूमखालची, सतरंज्यांवरची सगळी रुई सरपटत आत चालली. आतलं जे काही होतं ते खूप मोठा श्वास घेत होतं.

“नाही ना आवडलं?” मी म्हणालो. “मग सगळ्यांचं परत कर. आत्ताच्या आत्ता.”

ते एकदम बाहेर आलं. शटर खडखडलं, रुईचा ढग शेडभर झाला आणि त्यात हसू, नुसतं हसू, शेकडो माणसांचं एकावर एक आदळणारं. लूमवरची कापडं उडाली. काशीने आयुष्यात पहिल्यांदा हसायला तोंड उघडलं आणि ते रुईने भरलं. सगळे खोकत, डोळे चोळत दाराकडे पळाले. “पीछे का खिड़की खुल गया होगा,” कोणीतरी म्हणालं. त्या खोलीला खिडकी नाही, हे सांगायला मी थांबलो नाही.

७

घराच्या कोपऱ्यावर पोहोचलो तेव्हाच मला आतून हसू ऐकू आलं. मालिकेचा आवाज, आणि त्यावर कोणीतरी मोकळं हसतंय. मी चपलांसकट घरात शिरलो.

आई टीव्हीसमोर बसली होती. डोळ्यांतून पाणी, हात पोटावर.

खर्र, खर्र, खर्र, आणि मग सुसाट.

“आरं, आलं बघ!” ती मला बघून म्हणाली. “दुपारी पापड काढत व्हते, आनि आलं एकदम! जरा घसा खरखरतोय, पन आलं!” आणि तिने पुन्हा किक मारली.

माझा फोन वाजला. मुदस्सिर होता.

“चाचा हसतोय,” तो म्हणाला. त्याचा आवाज विचित्र होता. “पण सुगत, आधी काहीच आवाज येत नाही. मग बारीक किंकाळी मारतो. आत्ता आमच्या जावयाच्या पाठीत असा धपाटा घातला की तो माणूस आपली बॅग भरतोय.”

घाईत असं होणारच. एवढ्या रिटर्नचा लोंढा एकदम काढला की साडीवाल्याकडे मिक्सर जाणारच. आता भिवंडीत कोणाचं हसू कोणाच्या तोंडात गेलं असेल, ते मला विचारू नका. मी आईकडे बघितलं. ती खूश होती, मनापासून. आवाज चाचांचा असेना का, हसत तीच होती. मी ठरवलं की एवढं आपल्याला चालेल.

फोनवर मृणालीचाही निरोप आला होता. ‘समजावून सांगायची आयडिया भन्नाट! आणि शेवटचा तो रुईचा इफेक्ट! रविवार पक्का. हेच कर.’

मी तो निरोप पुन्हा वाचला. मग आईशेजारी बसलो, तिच्या उजव्या हाताला. आता तिथे बसायला काही भीती नव्हती. तिला चाचांच्या जावयाची गोष्ट सांगितली. तो बॅग कशी भरत असेल, ते उठून करून दाखवलं आणि पुन्हा बसलो.

आईची स्कूटर सुरू झाली. आणि इतक्या दिवसांनी मलाही हसू फुटलं. पहिल्या शुक्रवारनंतर मी स्वतः हसलोच नव्हतो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या धंद्यात कोण हसतं म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं. सगळ्यांचं परत मागताना माझं मागायचं मला सुचलं नव्हतं. पण आता मी हसत होतो, चांगला गदागदा, खांदे हलत होते, घरात माझं हसू घुमत होतं.

आई हसता हसता थांबली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, जिथे भिंत आहे आणि भिंतीला टेकून आमचं कपाट आहे.

मी हात वर करून ओठांना लावला. तोंड घट्ट मिटलेलं होतं.

“सुगत,” आई हळूच म्हणाली, “मागं कोन हसतंय रं?”